फायरप्लेसची फरशी दोनदा बसवली: दुकानाला दोन स्टार, पाथरवटांना साडेचार

आम्ही राहायला साताऱ्यात, पण सासऱ्यांचं एक जुनं घर पाचगणीला आहे आणि त्यात इंग्रजी पद्धतीची फायरप्लेस आहे, धुराड्यासकट, अजून चालू. आतल्या भट्टीच्या विटा ठणठणीत, पण तोंडाभोवतीच्या भिंतीवर कुणीतरी कधीकाळी चॉकलेटी ऑइलपेंट फासलेला, त्याला पोपडे आलेले. म्हटलं एवढीच बाहेरची फरशी बदलू. तोंड ३६ इंच रुंद, २८ उंच, बाजूला आठ-आठ इंच आणि वर बारा इंच पट्टी, म्हणजे सगळं मिळून जेमतेम साडेसात स्क्वेअर फूट काम. एवढ्याशा कामासाठी घाट चढायला कोण तयार होत नाही हो, हे आधी सांगून ठेवते.

साताऱ्यातल्या एका मोठ्या टाइल्सच्या दुकानात गेलो (नाव लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाहीये). व्हरायटी खरंच भरपूर, एसी, चहा, सगळं छान. पण तिथल्या मुलाने पहिल्यांदा दाखवली पीव्हीसीची मार्बल शीट! का तर वॉटरप्रूफ आहे मॅडम. अरे बाबा, पाणी नाही, तिथे लाकडं पेटवायची आहेत. तेव्हा कळलं की त्याने फायरप्लेस म्हणजे ती टीव्हीखालची लाइटवाली बघितलीय. मग चार बाय दोनची काळी व्हिट्रिफाइड टाइल घेतली, बॉक्समध्ये दोन येतात म्हणून गरजेच्या दुप्पट माल घ्यावा लागला. बसवायला माणूस त्यांचाच.

त्या माणसाने काय केलं, तर ऑइलपेंट न खरवडता, टाचे (माल धरायला छिन्नीच्या खाचा) न मारता वरूनच सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ कालवण, लावून टाइल चिकटवली, तीसुद्धा एकमेकींना आणि आतल्या विटांना अगदी घट्ट भिडवून. मी विचारलं केमिकल नको का, तर म्हणे बावीस वर्षं सिमेंटवरच बसवतोय. जुन्या सिरॅमिकला चालून जायचं ते, पण व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, मग स्लरी धरणार कशाला? तिला पॉलिमरवालं टाइल अॅडेसिव्हच लागतं, पिशवीवर आयएस १५४७७ (टाइल अॅडेसिव्हचं भारतीय मानक) आणि अॅडेसिव्हचा टाइप लिहिलेला असतो तो बघून घ्यायचा, आणि इथे तर रोज तापणार-निवणार. हे सगळं मी नंतर शिकले. आणि खरं सांगायचं तर आमचीपण घाई नडली. काम होऊन पाच दिवस झाले नव्हते, थर्टीफर्स्टला पोरांनी हट्ट केला आणि पेटवली. तासाभरात आधी टक्क टक्क आवाज, मग वरची पट्टी मधनं फुगली आणि साडेदहाच्या सुमारास धाडकन खाली, शेंगांच्या परातीत. कुणाला लागलं नाही हे नशीब. पडलेल्या तुकड्याची मागची बाजू बघितली, सिमेंटचा कणही नाही, धुतल्यासारखी स्वच्छ! दुकानवाल्यांचं उत्तर, टाइलला गॅरंटी आहे, लेबरला नाही. टाइल फुटली त्याला पण नाही, कारण पडून फुटली. महिनाभर फोन केले, मग सोडून दिलं.

मग वाईकडचे एक पाथरवट मिळाले, पाटे-वरवंटे आणि देवळांची कामं करणारे. बावधनच्या बगाडाआधी (वाईजवळची रंगपंचमीची जत्रा) येतो म्हणाले आणि बगाड होऊन आठ दिवसांनी आले, म्हणून अर्धा स्टार कापलाय. आले तर नुसतं बोटाने उरलेल्या फरशीवर टकटक करत फिरले, जिथे पोकळ वाजलं तिथे खडूने फुली. सगळीकडेच फुल्या. मी म्हटलं जांभा लावूया का, पाचगणीचाच दगड, तर म्हणाले भोकाभोकाचा हाय ताई, काजळी आत जाऊन बसंल, निघायची न्हाई. काळा दगडच लावा, त्याला आगीचं काय नवीन, आगीतनंच आलाय त्यो.

घडीव काळ्या दगडाचे तीनच तुकडे आणले, दोन उभे आणि एक आडवा, दोन इंच जाडीचे. आडवा जवळजवळ ६० किलोचा, तो त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून चढवला. चिकटवण्यावर भरवसाच ठेवला नाही, आडवा दगड उभ्या दोघांवर बसवला आणि मागनं भिंतीत स्टीलच्या पट्ट्या घेतल्या, म्हणजे चिकटवलेला माल सुटला तरी दगड उभाच. त्याआधी भिंत पार विटांपर्यंत खरवडली, हे बघूनच मला बरं वाटलं. भट्टीच्या विटा आणि दगड यात दोन सूत (पाव इंच) गॅप ठेवून त्यात भट्टीच्या दाराला लावतात ती ग्लास फायबरची दोरी भरली, विटा तापून फुगल्या तर दगडाला ढकलायला नकोत म्हणून. आमची वरची सागवानी फळी तोंडाच्या फार जवळ होती, ती त्यांनी फूटभर वर घ्यायला लावली. सासरे कुरकुरले, पण फळीची खालची बाजू काळी पडलेली दाखवल्यावर गप्प झाले. पॉलिश नको म्हणाले, टाकीचे घाव तसेच ठेवलेत, संध्याकाळी आतला उजेड त्याच्यावर तिरका पडतो तेव्हा एकेक घाव दिसतो. धूळ मात्र इतकी, की आठवडाभर पोह्यात पण कचकच.

महिनाभर पेटवायची नाही ही त्यांची अट, यावेळी पाळली. नंतर पण आधी कागद आणि काटक्या, मग एक लाकूड, असं तीन-चार दिवस. मधे पाचगणीचा अख्खा पावसाळा गेला, भिंतींना ओल आली तरी सांधा एक सुटला नाही. या जानेवारीत सलग नऊ रात्री पेटवली, दगडाला हात लावला तर गरम, आवाज काही नाही.

खर्च टाइलच्या तिप्पट आला, गाडीभाडं धरून. दुकानातली उरलेली अख्खी टाइल परत घेतली नाही त्यांनी, ती आता साताऱ्याच्या घरी सिलिंडरखाली आहे. तिथे शोभते.