कुमानो कोदो: दिवसभर चाल, रात्री गरम पाणी आणि गादी

पहिल्या मुक्कामाला, ताकाहाराला पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते, आणि आमच्या बॅगा आमच्या आधी येऊन दारात ओळीनं उभ्या होत्या. वन्सं पायरीवर टेकल्या, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगं, आता उद्या सकाळपर्यंत मला काही उचलायचं नाही.’’ या सहलीबद्दल मला जे सांगायचंय ते बरंचसं या वाक्यात आलं.

मी चिपळूणची, 61 वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली. माझी नणंद 66 वर्षांची, डाव्या गुडघ्याला कायम पट्टा. आम्ही दोघी वारीत आळंदी ते सासवड दोनदा चाललो आहोत, त्यामुळे चालायची भीती नव्हती. भीती होती ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठण्याची. पाठीवर ओझं, शाळेच्या फरशीवर झोप आणि पहाटे थंड पाणी हे आता आमच्या हाडांना झेपत नाही. म्हणून गेल्या खेपेला, 2024 च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या एका कंपनीतर्फे जपानच्या कुमानो कोदोला गेलो. दहा जणांचा गट, बरोबर कंपनीचा एक समन्वयक आणि तिथली एक जपानी गाईड. विमान, व्हिसा, सगळं धरून माणशी साधारण साडेतीन लाख लागले. माझ्या निवृत्तीच्या पैशांतले होते, म्हणून हिशेबानं लिहिते.

कुमानो कोदो म्हणजे ओसाकाच्या दक्षिणेला, ‘की’ नावाच्या द्वीपकल्पाच्या डोंगरांतून कुमानोच्या तीन मोठ्या देवस्थानांकडे जाणाऱ्या जुन्या यात्रेच्या वाटा. 2004 पासून त्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आम्ही चाललो ती नाकाहेचि नावाची वाट. हजार वर्षांपूर्वी क्योतोहून राजे आणि सरदार इथे पायी यायचे. गो-शिराकावा हा निवृत्त सम्राट तर तीसहून जास्त वेळा आला. पुढे सामान्य माणसं इतकी यायला लागली की कुमानोची यात्रा म्हणजे मुंग्यांची रांग, अशी म्हणच पडली. दिंड्या पाहिलेल्या माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही.

ओसाकाहून रेल्वेनं की-तानाबे, तिथून बसनं ताकिजिरि, आणि तिथे लगेच चढ. पहिला दिवस जेमतेम चार किलोमीटरचा, पण दिवे घाटासारखा वळणं घेत जाणारा रस्ता नाही हा; देवदारासारख्या उंच सुगी झाडांची मुळं उघडी पडून त्यांच्याच पायऱ्या झालेल्या, आणि त्या सरळ वर. गाईडबाई आमच्यापेक्षा फार लहान नसावी. तिनं पहिल्या वळणावरच वन्संना स्वतःच्या मागे घेतलं आणि अख्ख्या गटाची चाल वन्संच्या चालीवर बांधली. वाटेवर दर 500 मीटरला आकडा घातलेला खांब आहे. दर दुसऱ्या खांबाला थांबायचं, पाणी प्यायचं, कुणी पुढे पळायचं नाही. गटात दोन तरुण मुलं होती, ती सुरुवातीला कुरकुरली. तिनं त्यांना वाटेतल्या छोट्या देवळांजवळच्या लाकडी पेट्या शोधायचं काम दिलं. त्या पेट्यांत शिक्के असतात, ते वहीत उमटवत जायचे. या छोट्या देवळांना ओजी म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून ती मुलं प्रत्येक ओजीपाशी सगळ्यांच्या वह्या गोळा करून शिक्के मारून देत होती.

आता मुक्कामाबद्दल. बहुतेक रात्री आम्ही मिन्शुकुत राहिलो, म्हणजे कुणाच्या तरी घरातच चालवलेलं छोटं उतरायचं ठिकाण. खोलीत गवती चटया, त्यावर जाड गादी, अंगावर युकाता नावाचा सुती झगा. तो घालताना डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर घेतात ती फक्त मृताला. पहिल्या रात्री वन्संनी उलटा घातला होता. घरमालकीणबाई लगबगीनं आली, हसत हसत दोन्ही हातांनी सोडून नीट बांधून गेली, जशी आपल्याकडे एखादी आजी नव्या सुनेच्या निऱ्या सारखी करते. संडास सगळीकडे कमोडचे, तेही गरम बैठकीचे. गुडघेदुखी असलेल्या कुणालाही ही बातमी आधी सांगावी अशी आहे. जेवायला मात्र खाली बसावं लागतं. मी दुसऱ्या दिवशी खुर्ची मागितली आणि मग प्रत्येक ठिकाणी ती न मागता मिळाली, कारण गाईड रोज सकाळी पुढच्या घरी फोन करत होती.

बॅगा आठच्या आत दाराशी ठेवायच्या, गाडी घेऊन जाते आणि दुपारी पुढच्या घरी पोचवते. पाठीवर फक्त पाणी, पावसाचा कोट आणि शिदोरी. काही जण म्हणतील, यात्रा आणि असे लाड? मी पाचही दिवस स्वतःच्या पायांनी चालले. रात्रीचं गरम पाणी आणि सरळ पाठीची झोप मिळाली म्हणूनच चालले.

शिदोरीत बहुतेक वेळा मेहारी-झुशी असायची: भाताचा मोठा गोळा, मोहरीच्या जातीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला. शेतावर आणि जंगलात कामाला जाणाऱ्यांचं हे जेवण, आपल्या भाकरी-चटणीसारखं. एका सकाळी न्याहारीला चहाच्या पाण्यात शिजवलेली भाताची पेज आणि उमे नावाचं खारवलेलं आंबट फळ आलं. कोकणातल्या माणसाला परदेशात गरम पेज आणि लोणचं मिळावं! दोन वाट्या घेतल्या.

पण जेवणाचीच तक्रारही आहे, आणि ती मोठी आहे. नावनोंदणी करताना ‘शाकाहारी जेवणाची पूर्ण सोय’ असं लेखी दिलं होतं. पहिल्या रात्री सूप आलं, त्यात मासा दिसत नव्हता. गाईडनं वास घेतला आणि वन्संचा हात धरला. जपानी स्वयंपाकात सूप, उकडलेल्या भाज्या, टोफूवरचा रस, सगळ्याच्या मुळाशी दाशी, म्हणजे एक पातळ सार असते, आणि ती बहुधा सुकवलेल्या माशाची. कंपनीनं त्या घराला ‘मांस नको’ एवढंच कळवलं होतं. त्या रात्री वन्सं कोरा भात, लोणचं आणि आम्ही नेलेली मेतकुटाची पुडी यांवर झोपल्या. घरमालकीण डोळ्यांत पाणी आणून माफी मागत होती, आणि चूक तिची नव्हतीच. दुसऱ्या दिवसापासून गाईडनं प्रत्येक घरी कोंबू या समुद्री वनस्पतीचा रस वापरायला सांगितलं आणि प्रश्न सुटला. एका फोनचं काम होतं. ते मुंबईत बसून महिनाभर आधी करायला हवं होतं.

दुसरी तक्रार तिसऱ्या दिवसाची. चिकात्सुयु गाव ते होंगू, म्हणजे तीन देवस्थानांपैकी एक, हे अंतर 25 किलोमीटर आहे, आणि पत्रकात त्यापुढे ‘मध्यम’ लिहिलं होतं. मध्यम नाही. 2011 च्या वादळात दरड कोसळून एक टप्पा बंद झाला, तिथे वळसा घालावा लागतो. नोव्हेंबरात तिकडे पाचच्या आत सूर्य मावळतो. आम्ही सकाळी साडेसहाला निघालो. वन्सं आणि आणखी तिघं बसनं होश्शिनमोन-ओजीपर्यंत गेली आणि तिथून शेवटचे सात किलोमीटर चालली. बसची सोय चांगलीच, पण गाईड एकच. ती आमच्याबरोबर राहिली आणि त्यांच्याबरोबर समन्वयक गेला, ज्यानं ही वाट आधी कधी पाहिलेली नव्हती. त्यामुळे वन्संना फुशिओगामि-ओजीला कुणी काही सांगितलंच नाही.

फुशिओगामि म्हणजे दंडवत घालायची जागा. डोंगरातून आलेल्या यात्रेकरूला होंगूचं देऊळ पहिल्यांदा इथून दिसायचं. गाईडनं आम्हाला तिथे बसवलं आणि गोष्ट सांगितली. हजार वर्षांपूर्वी इझुमी शिकिबु नावाची कवयित्री इथवर चालत आली आणि इथेच तिला पाळी आली. आता देवापुढे कसं जायचं म्हणून तिनं दुःखानं एक कविता केली. त्या रात्री कुमानोचा देव स्वप्नात आला आणि म्हणाला, तशीच ये. दंतकथा आहे, पण कुमानोनं बायकांना कधी अडवलं नाही ही ख्याती खरी, आणि त्या काळातल्या पवित्र डोंगरांमध्ये ती दुर्मीळ होती.

ही गोष्ट मी वन्संना रात्री मुक्कामी, युनोमिने गावच्या गरम पाण्यात बसून सांगितली. इथे स्नानाआधी स्वच्छ अंग धुऊन, कपडे न घालता सामाईक हौदात उतरायचं असतं. आम्हाला ते अवघड वाटलं. घराच्या मालकिणीनं न बोलता ओळखलं आणि दाराला पाटी लावून अर्धा तास आम्हा दोघींनाच दिला. गंधकाचा वास थेट आमच्या तुरळ-राजवाडीच्या कुंडासारखा. गोष्ट ऐकून वन्सं बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘आमच्या घरात मागच्या पडवीला एक खोली होती. तिथे चार चार दिवस बसायचो. असा देव आहे, हे कुणी सांगितलं असतं तर?’’

त्यानंतरचा दिवस विश्रांतीचा, आणि नेमकी कार्तिकी एकादशी. वन्संनी चिकात्सुयुच्या दुकानातून रताळी घेऊन ठेवली होती. युनोमिनेत गावाच्या मधोमध ओढ्याकाठी एक दगडी कुंड आहे, त्यात साधारण 90 अंशांचं पाणी सतत उकळत वर येतं. लोक जाळीच्या पिशवीत अंडी, भाज्या घालून दोरीनं सोडतात. अंड्यांच्याच पाण्यात उपासाची रताळी! मला वाटलं, वन्सं नको म्हणतील. गाईडनं पहाटे सहाला, कुणी यायच्या आत, आम्हाला तिथे नेलं. वन्संनी पिशवी हातात धरली, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘वाहतं पाणी आहे गं,’’ आणि सोडली. थंडी कडक, वाफ तोंडावर, आणि दोरीचं टोक धरून उभ्या असलेल्या वन्सं विठ्ठलाचं नाव पुटपुटत होत्या. रताळी आतून पिवळीधम्मक निघाली, साखर लागलीच नाही.

त्याच दिवशी होंगूचं जुनं ठिकाण पाहिलं. देऊळ पूर्वी नदीच्या मधल्या वाळवंटात होतं. 1889 च्या पुरानं बहुतेक सगळं नेलं, राहिलेलं वर टेकडीवर हलवलं. आता जुन्या जागी झाडं, गवत आणि जवळपास 34 मीटर उंच तोरणद्वार आहे. 22 जुलै 2021 ला आमच्या चिपळुणातल्या घरात पाणी शिरलं होतं, देवघरातला टाक चिखलात हातानं चाचपून शोधला होता मी. म्हणून त्या मोकळ्या गवतावर मी इतरांपेक्षा जास्त वेळ थांबले. गाईडनं कारण विचारलं नाही, घाईही केली नाही.

मग उकेगावा ते कोगुची, 13 किलोमीटर. वाट सोपी, मधे एके ठिकाणी डोंगरांच्या निळ्या रांगा क्षितिजापर्यंत दिसतात. त्यापेक्षा शेवटच्या दिवसाबद्दल सांगते. कोगुचीहून नाचि या देवस्थानापर्यंत 14.5 किलोमीटर, आणि सुरुवातीलाच सुमारे 800 मीटरची चढण. तिथल्या एका टप्प्याचं नावच ‘अंग मोडणारा उतार’ अशा अर्थाचं आहे. शेवाळलेले दगड, आदल्या रात्रीचा पाऊस. चढ सुरू होतो तिथे वाटेला लागून एक मोठा गोल दगड आहे, वारोदा-इशी, आणि त्यावर तीन अक्षरं कोरलेली. वन्संनी काठी टेकून वाकून पाहिलं. आपल्याला वाचता येत नाहीत, पण वळण ओळखीचं वाटतं. ती संस्कृत बीजाक्षरं आहेत, सिद्धं लिपीतली. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला गेलेली. कुमानोच्या तीन देवांची रूपं त्यांनी दाखवली आहेत. वन्संनी प्रत्येक अक्षरावर बोट टेकवलं, मग कपाळाला लावलं. त्यांनी तो चढ पूर्ण केला. बस नाही, काही नाही. चार तास लागले आणि गाईड चारही तास त्यांच्या दोन पावलं पुढे होती. पायरी निसरडी असली की दगडावर काठीनं टक टक करायची.

नाचिला 133 मीटरचा धबधबा आहे. त्याच्या पायथ्याच्या देवळात मूर्तीसाठी गाभाराच नाही, धबधबा हाच देव. वन्संनी तिथे शेवटचा शिक्का स्वतः मारला.

कुणी जावं? ज्यांना डोंगर चढायची सवय आहे पण ओझं आणि जमीन आता झेपत नाही, त्यांनी निःशंक जावं. निदान दोन महिने आधी जिने चढायला लागा. उतरायलाही, कारण गुडघे उतारावर बोलतात. बूट ओल्या दगडावर न घसरणारे हवेत. शाकाहारी असाल तर ‘मासा नाही, माशाची दाशीही नाही, कोंबू चालेल’ हे जपानीत छापून जवळ ठेवा आणि कंपनीनं प्रत्येक घराला तेच कळवल्याचं लेखी मागून घ्या. मेतकूट न्याच.

परत आल्यावर मी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. जेवणाचं, 25 किलोमीटरला ‘मध्यम’ म्हटल्याचं आणि बसनं जाणाऱ्यांनाही गाईड हवी याचं. उत्तर तीन आठवड्यांनी आलं. जेवणाची चूक कबूल केली आहे आणि पुढच्या सहलीत तो लांब दिवस दोन मुक्कामांत तोडून दुसरी गाईड देऊ असं लिहिलंय. तसं खरंच करणार असतील तर माझी धाकटी बहीण जायला तयार आहे. वन्संनी तिला स्वतःची काठी देऊन ठेवली आहे.