सुलाची शेनिन ब्लाँ आणि दडपे पोहे : इंदूरच्या मे महिन्यासाठी

पारा 42 वर गेला की लाल वाइन नकोशी होते. इंदूरच्या उन्हाळ्यात पांढरीच हवी, आणि त्यातही आमची पसंती नाशिकच्या सुला वायनरीच्या शेनिन ब्लाँला. द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं, पण नाशिकच्या मातीत छान रुजलंय. वास अननसासारखा, चव किंचित गोडसर, मागाहून आंबटपणाची बारीक चमक. अजिबात गोडवा नको असेल तर त्यांचीच सोव्हिन्यों ब्लाँ घ्यावी. तिला चिरलेल्या सिमला मिरचीचा वास येतो.

सगळा खेळ गारव्याचा आहे. ही वाइन 8 ते 10 अंशांवर उत्तम लागते. कोमट झाली की तोच गोडवा सरबतासारखा जड होतो. फ्रिजमध्ये तीन तास ठेवा, प्यायच्या दहा मिनिटं आधी काढा. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ती नीट गार होत नाही, कारण खड्यांमध्ये हवा राहते. फ्रीझरमध्ये मात्र विसरू नका, वाइन गोठून फुगते आणि झाकण ढिलं पडतं. पेल्यात एका वेळी 75 मिलीच ओता. गच्चीवर संध्याकाळी सातलाही गरम झळा असतात, भरलेला पेला अर्ध्यावर येईपर्यंत कोमट होतो.

दुकानात काचेजवळ उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, मागच्या कपाटातली मागा. लेबलवरची भरल्याची तारीख बघा, दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर सोडून द्या. ही मुरवायची वाइन नाही, ताजीच प्यायची. उघडल्यावर रंग तपकिरीकडे झुकलेला आणि वास शिजलेल्या सफरचंदाचा असेल, तर ती बाटली उन्हाने गेली.

सोबत काय? आमच्या मते दडपे पोहेच. चूल पेटवायची ती फक्त फोडणीपुरती. चार वाट्या पातळ पोहे, एक वाटी ओला नारळ, एक काकडी बारीक चोचवून, एक छोटा कांदा, चवीपुरतं मीठ-साखर. शहाळ्याचं पाणी अर्धी वाटी शिंपडून हलक्या हाताने कालवा, वर ताटली आणि वजन ठेवून वीस मिनिटं दडपा. काकडीलाही पाणी सुटतं, म्हणून शहाळ्याचं पाणी एकदम ओतू नका, नाहीतर पोह्यांचा लगदा होतो. फोडणी तेल, मोहरी, हिंगाची. मिरच्या अख्ख्या परतून वेचून काढा, कारण तिखटावर अल्कोहोल पडलं की जीभ जास्तच भाजते. लिंबू अर्ध्याच फोडीचं. पोहे वाइनपेक्षा आंबट झाले की वाइन मिळमिळीत लागते. कोथिंबीर भरपूर.

आणि इंदूरकरांना जड जाईल, पण सांगतोच : यावर जिरावण, म्हणजे इंदुरी पोह्यांवरचा मसाला, भुरभुरू नका. त्यातलं काळं मीठ आणि लवंग एका घोटात वाइनचा वास पुसून टाकतात. लवंगेच्या शेवेचंही तेच. साधी बारीक शेव चालते.

झाकण फिरकीचं आहे, त्यामुळे उरलेली बाटली फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. चौथ्या दिवशी वास उडालेला असतो.

मळे बघायचे असतील तर नाशिक आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधवा, धुळे, मालेगाव करत सुमारे 400 किलोमीटर. मेच्या सुट्टीत गेलात तर घड दिसणार नाहीत. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली असते, वेलींवर नुसती कोवळी फूट. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. फेब्रुवारीत जा आणि सकाळी लवकर मळ्यात पोचा. ऊन चढायच्या आत घड उतरवतात, कारण तापलेल्या द्राक्षांचा रस आंबवण्याआधीच बिघडायला लागतो.