कोब्याखालचे काम आणि कोब्यानंतरचे काम: एका काँक्रीट फ्लोअरिंग सेवेचे परीक्षण

तळमजल्यावर थेट जमिनीवर टेकणारा काँक्रीटचा कोबा घालून घेण्यासाठी मी एका कंत्राटदाराची सेवा घेतली. भराव, ओलावारोधक थर, काँक्रीट, फिनिशिंग आणि जोड असे सर्व काम एकाच करारात करून देणारी ही मंडळी आहेत. काँक्रीटखाली जे कायमचे गाडले जाते ते त्यांनी चोख केले. काँक्रीट ओतून झाल्यावर जे करायचे असते त्यात मात्र ती ढिली पडली. सहसा याच्या उलट अनुभव येतो, म्हणून हे परीक्षण थोडे सविस्तर लिहीत आहे.

कामाची सुरुवात वरची सेंद्रिय माती पूर्ण काढून टाकण्यापासून झाली. मुळे आणि पालापाचोळा कुजला की वरचा भराव खचतो, त्यामुळे याविषयी कोणत्याही देशाच्या नियमांत दुमत नाही. भरावासाठी आधी पाडकामाचा राडारोडा आला होता. त्यात जिप्समच्या प्लास्टरचे तुकडे दिसताच पर्यवेक्षकाने तो परत पाठवला आणि स्वच्छ खडी मागवली. जिप्सममधील सल्फेट ओलाव्यात विरघळून सिमेंटवर हल्ला करतात आणि कोबा खालून फुगून उचलला जातो, हे कारण त्याने न विचारता समजावून सांगितले. भराव पातळ थरांत पसरून प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने दाबला गेला. ब्रिटनमध्ये नव्या घरांना हमी देणाऱ्या एनएचबीसी या संस्थेच्या मानकांत एका थराची जाडी जास्तीत जास्त २२५ मिलिमीटर धरली आहे, आणि एकूण भराव ६०० मिलिमीटरपेक्षा खोल जात असेल तर जमिनीवर टेकणारा कोबा न घालता भिंतींवर पेललेला स्लॅब करावा असे म्हटले आहे. आमच्याकडे तितकी खोली नव्हती, पण भरावाची खोली चारही कोपऱ्यांत मोजून नोंदवण्याची तसदी या मंडळींनी घेतली.

त्यानंतरचा ओलावारोधक कागद, म्हणजे पॉलिथिनचा जाड पडदा, हा या सेवेचा सर्वांत भक्कम भाग. खडीची टोके कागदाला भोके पाडतात, म्हणून आधी वाळूचा पातळ थर पसरून तो गुळगुळीत केला होता. कागदाची जाडी ३०० मायक्रॉन, म्हणजे व्यवहारात ज्याला १२०० गेज म्हणतात ती होती. इंग्लंडच्या इमारत नियमांच्या ‘सी’ या मार्गदर्शक दस्तऐवजात पॉलिथिनसाठी किमान हीच जाडी दिलेली आहे. दोन पट्टे एकमेकांवर भरपूर चढवून सांधे चिकटपट्टीने बंद केले होते, आणि पाइप जिथे कागद भेदून वर येतो तिथे त्याभोवती वेगळी कॉलर बसवली होती. कागदाच्या कडा भिंतीलगत वर वळवून भिंतीतील ओलावारोधक थराशी जोडल्या होत्या. बहुतेक कारागीर नेमके हेच टाळतात आणि मग कोबा कोरडा राहूनही भिंतीचा पाया घाम गाळत बसतो. हे सर्व झाल्यावर, काहीही झाकण्यापूर्वी, बांधकाम तपासनिसाला बोलावण्याची आठवण कंत्राटदारानेच करून दिली. थंड प्रदेशातील नियम मागतात त्या उष्णतारोधक फळ्या या कामात नव्हत्या, त्यामुळे त्याविषयी मत देत नाही.

काँक्रीटची जाडी किमान १०० मिलिमीटर ठेवली होती. लोखंडी जाळी जमिनीवर अंथरून ओतताना आकड्याने वर ओढायची ही सर्रास दिसणारी पद्धत इथे नव्हती. जाळी आधीपासूनच ठोकळ्यांवर, जाडीच्या वरच्या भागात उभी होती. जाळीने तडे थांबत नाहीत, ते फक्त केसासारखे बारीक राहतात, आणि त्यासाठीही ती योग्य उंचीवरच असावी लागते. मिक्सर आल्यावर माल पसरायला सोपा जावा म्हणून चालक पाणी वाढवू पाहत होता, पण पर्यवेक्षकाने ठाम नकार दिला, स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, मोजला आणि चाचणीसाठी १५० मिलिमीटरचे क्यूब भरून घेतले. २८ दिवसांनंतरचा अहवाल मागावा लागला नाही.

इथवर सेवेला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

फिनिशिंगच्या वेळी संध्याकाळ होत आली होती. पृष्ठभागावर सुटलेले पाणी आपोआप उडून जाईपर्यंत थांबायला हवे होते, पण दाराजवळच्या पट्ट्यात ते पाणी शोषून घेण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरून थापी फिरवली गेली. असे केल्याने वरचा पापुद्रा कमजोर होतो, आणि आता तिथे हात फिरवला की बोटांना पांढरी भुकटी लागते. समपातळीचा निकष करारात ब्रिटिश मानक ८२०४ मधील दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे २ मीटर लांबीच्या पट्टीखाली ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नसावी असा होता. उरलेला कोबा त्यात सहज बसतो. हा पट्टा बसत नाही.

जोडांचे दुखणे याहून मोठे आहे. काँक्रीट सुकताना आकसते, आणि करवतीने काप घेऊन, म्हणजे जोड देऊन, त्याला कुठे तुटायचे ते आपण ठरवून दिले नाही तर ते स्वतः ठरवते. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शनानुसार दोन जोडांमधील अंतर जाडीच्या साधारण २४ ते ३६ पट असावे, म्हणजे १०० मिलिमीटरसाठी २.४ ते ३.६ मीटर, आणि काप जाडीच्या चौथ्या हिश्शाइतका खोल हवा. कंत्राटदाराच्या नकाशात ही अंतरे आणि खोली दोन्ही बरोबर होती. परंतु नेहमीच्या करवतीने काप घ्यायचा तर तो फिनिशिंगनंतर साधारण ४ ते १२ तासांत, काँक्रीट कडा न तुटता करवत झेलू लागताच घ्यावा लागतो. इथे यंत्र दुसऱ्या दिवशी दुपारी आले. आमच्या खोलीचा आकार काटकोनात वळणारा असल्यामुळे आतल्या कोपऱ्यातून एक तिरकी चीर त्याआधीच निघाली होती. ती बांधणीला धोकादायक नाही हे मान्य आहे, पण नकाशात त्याच कोपऱ्यातून जोड दाखवलेला असताना ती निघणे हे निव्वळ वेळापत्रकाचे अपयश आहे.

क्युरिंगविषयी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देण्याविषयी, करारात ‘ग्राहकाकडे’ एवढाच शब्द होता. भारतीय मानक ४५६ मध्ये साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान ७ दिवस, आणि फ्लाय ॲशसारखी मिश्रणे किंवा मिश्र सिमेंट असल्यास किमान १० दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवण्यास सांगितले आहे. कोरड्या, उष्ण हवेतही ही मुदत १० दिवसांपेक्षा कमी चालत नाही. मालात कोणते सिमेंट आहे हे कंत्राटदाराला ठाऊक असते, ग्राहकाला नसते, त्यामुळे दिवसांचा आकडा लिहून देण्याची जबाबदारी त्याचीच. कारागीर निघताना एकदा पाणी मारून गेले, इतकेच. आळी करून पाणी साठवण्याचे आणि ओले गोणपाट पसरण्याचे काम आम्ही केले.

माझ्या मते या फरकाचे कारण कारागिरांच्या कुवतीत नाही. तपासनीस येतो तो झाकण्यापूर्वी. काँक्रीट ओतल्यानंतरच्या संध्याकाळी कोणी पाहायला येत नाही. या मंडळींची शिस्त नेमकी तपासणीच्या वेळापत्रकाबरोबर चालते. तक्रार केल्यावर त्यांनी भुकटी सुटणारा पट्टा घासून त्यावर पृष्ठभाग कठीण करणारे रसायन देण्याचे आणि चीर इपॉक्सीने भरण्याचे विनाशुल्क मान्य केले, याची नोंद त्यांच्या बाजूने घ्यायला हवी.

ओलसर जमीन किंवा अवघड भराव असेल तर मी हीच सेवा पुन्हा निवडेन. मात्र करवतीचे यंत्र ओतण्याच्या दिवशीच जागेवर असेल, सुटलेल्या पाण्यावर कोरडे सिमेंट टाकले जाणार नाही आणि क्युरिंगचे दिवस व पद्धत लेखी दिली जाईल, या तीन अटी करारात घालून घेईन. लाकडी किंवा व्हिनाइलचे आच्छादन बसवायचे असेल तर आणखी एक. ब्रिटिश मानक ८२०३ नुसार व्हिनाइलसारखी आच्छादने बसवण्यापूर्वी कोब्याची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के किंवा त्याहून कमी असावी लागते. पहिले ५० मिलिमीटर दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने सुकतात आणि त्याखालचा भाग त्याहून सावकाश, त्यामुळे १०० मिलिमीटरच्या कोब्याला कित्येक महिने लागतात. या कंत्राटदाराच्या हस्तांतरण पत्रात ‘महिनाभरात आच्छादनास तयार’ असे छापलेले आहे. त्यावर विसंबून न राहता आर्द्रतामापकाचा आकडा मागून घ्यावा.