कुटुंब न्यायालय: एक सेवा म्हणून परीक्षण

घटस्फोट, पोटगी किंवा मुलांच्या ताब्यासाठी कुटुंब न्यायालयाची पायरी चढणारा माणूस स्वतःला ग्राहक समजत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु 1984 च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने ही संस्था काही ठरावीक सेवा देण्यासाठीच उभी केली आणि मुंबई-पुण्यात ती 1989 पासून चालू आहे, तेव्हा तिचे परीक्षण करायला हरकत नसावी. कायद्याने दिलेली हमी अशी, की न्यायालय आधी समेटाचा प्रयत्न करील, कोणत्याही पक्षकाराने मागणी केल्यास सुनावणी बंद दाराआड होईल, पुराव्याचे नियम सैल राहतील आणि वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नसेल. यातील शेवटची तरतूद कागदावरच राहिली आहे. वकिलाला उभे राहण्याची परवानगी सर्रास मिळते, आणि अर्जांची भाषा पाहता सामान्य माणसाने एकट्याने निभावून न्यावे अशी अपेक्षा करणेही अवघडच.

सर्वांत उजवी सेवा विवाह समुपदेशनाची. समुपदेशक दोघांशी स्वतंत्रपणे व मग एकत्र बोलतात आणि तेथे बोललेले पुढे पुरावा म्हणून कोणाच्या अंगावर येत नाही. त्यामुळे फ्लॅटच्या हप्त्यांतला वाटा, माहेरी पाठवलेले पैसे, सासूबाईंच्या आजारपणात कोणी नोकरी सोडायची, असे अर्जात न येणारे खरे मुद्दे तेथे निघतात. उणीव एवढीच, की ते उशिरा होते. हिंदू विवाह अधिनियमानुसार एकट्याने घटस्फोट मागणाऱ्याला ‘हे लग्न संपले आहे’ एवढे सांगून भागत नाही, त्याला बहुधा दुसऱ्याची क्रूरता, व्यभिचार किंवा परित्याग सिद्ध करावा लागतो. लग्न सावरण्यापलीकडे मोडले आहे एवढ्याच कारणावर ते संपवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खाली स्वतःपुरता मान्य केला; कुटुंब न्यायालयाला तो नाही. परिणामी अर्जात आरोप चढवून लिहिले जातात, आणि जोडपे समुपदेशकासमोर बसते ते एकमेकांविषयीची ती पाने वाचून झाल्यावर.

भांडत सुरू झालेले इतके दावे मध्येच परस्पर संमतीच्या मार्गाला का लागतात, हे यावरून समजते. संमतीच्या घटस्फोटाची सोय 1976 च्या दुरुस्तीने आली. त्यासाठी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते, मात्र अर्ज केल्यानंतरचे सहा महिने थांबणे सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालापासून सक्तीचे राहिलेले नाही. या कलावरून जोडप्यांचा राग लवकर निवळू लागला असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. दोष सिद्ध करण्यात जाणारी वर्षे आणि उलटतपासणीत निघणारे वाभाडे यांच्या तुलनेत एकरकमी पोटगी स्वस्त पडते, इतकेच. जुळवण्यासाठी नेमलेला समुपदेशक त्यामुळे प्रत्यक्षात नीट वेगळे करून देण्याचे काम करू लागतो, आणि माझ्या मते तेच काम तो अधिक चांगले करतो.

नांदायला येण्याच्या दाव्याची गंमत याहून निराळी आहे. वरवर पाहता तो संसार वाचवण्याचा दावा. पण हुकूमनामा झाल्यावर वर्षभर दोघे पुन्हा एकत्र आले नाहीत, तर तेच घटस्फोटाचे कारण होते. पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून हा दावा दाखल झाला की ‘मी तर नांदवायला तयार आहे’ असे म्हणण्याची सोय होते, म्हणून तो पाहताना नवऱ्याच्या इच्छेपेक्षा त्याच्या वकिलाचा हिशेब आधी पाहावा.

पोटगीत ही सेवा कमी पडते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या रजनीश विरुद्ध नेहा प्रकरणात 2020 मध्ये दोन्ही बाजूंनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे ठरले. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असे कायदाही म्हणतो. पण समन्सची बजावणी होत नाही, प्रतिज्ञापत्रासाठी मुदत मागितली जाते, व्यवसाय करणाऱ्याचे उत्पन्न कागदावर आश्चर्यकारकरीत्या आटते, आणि हुकूम मिळाल्यावरही थकबाकीच्या वसुलीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. हातात पगार नसलेल्या बाईसाठी ही प्रत्येक तारीख म्हणजे प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी.

संमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबण्यातून सूट हवी असलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ती मागताक्षणी मिळत नाही: वेगळे राहण्याचा काळ पुरेसा झालेला असणे, समेटाचे प्रयत्न संपलेले असणे आणि पोटगी व मुलांचा ताबा यांचा निवाडा आपसांत झालेला असणे, हे न्यायालय आधी पाहते. अटी लिहिताना मुलांच्या भेटीचे दिवस, सुट्ट्या आणि शाळेची फी मोघम ठेवू नये, कारण त्याच ओळींवरून तीच जोडपी पुन्हा त्याच इमारतीत येताना दिसतात.