ए-डी स्ट्रिप्स: वास येण्याआधी फिल्मची तब्येत सांगणारी पट्टी

डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला, तर अ‍ॅसिटेट फिल्मचा (सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकवरच्या फिल्मचा) बिघाड बराच पुढे गेलेला असतो. नाकावर विसंबू नये. रोज फिल्म हाताळणाऱ्याला तो वास जाणवेनासाही होतो. फिल्म आणि छायाचित्रांच्या जतनावर संशोधन करणाऱ्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या ए-डी स्ट्रिप्स हे काम चोख करतात. कागदाची निळी पट्टी, तिच्यात आम्लाने रंग बदलणारं रसायन. फिल्ममधून अ‍ॅसिटिक आम्ल (व्हिनेगरमधलं आम्ल) जितकं जास्त सुटतं, तितकी ती आधी हिरवी आणि मग पिवळी होत जाते.

एका डब्यात एक पट्टी टाकायची, झाकण घट्ट लावायचं आणि खोलीच्या तापमानाला निदान 24 तास थांबायचं. सुट्या निगेटिव्ह असतील तर बंद होणारी प्लास्टिकची पिशवी चालते. इथे घाई नडते: चार-सहा तासांत पट्टी निळीच दिसते आणि आजारी फिल्म निरोगी ठरते. थंड जागेतल्या फिल्मला तर कैक दिवस द्यावे लागतात, कारण थंडीत आम्ल हळू सुटतं.

पट्ट्यांसोबत येणाऱ्या पेन्सिलीवर 0 (निरोगी) ते 3 (सर्वात बिघडलेली) अशा पातळ्यांचे चार रंग छापलेले आहेत. झाकण काढल्याबरोबर, दिवसाच्या उजेडात रंग जुळवा. पिवळ्या बल्बखाली निळा-हिरवा फरक कळत नाही. खरी मोलाची पातळी 1.5, आणि तिचा रंग पेन्सिलीवर नाही, 1 आणि 2 च्या मधला अंदाज डोळ्यांनीच घ्यावा लागतो. ही उणीव खटकते, कारण तिथून साचलेलं आम्लच बिघाडाचा वेग वाढवत नेतं. त्याआधीच स्कॅन उरकून घ्या. 2 आली की फिल्म गोठणाच्या तापमानाला न्या. 3 ला ती आक्रसू आणि वाकू लागते, तेव्हा हाताळणंही धोक्याचं. आणि असा डबा इतरांपासून लगेच वेगळा काढा, त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते.

पॉलिएस्टर फिल्मवर पट्टी वाया घालवू नका, तिच्यातून हे आम्ल सुटत नाही. रीळ कडेने उजेडासमोर धरा: पॉलिएस्टरमधून उजेड आरपार दिसतो, अ‍ॅसिटेट अंधारं राहतं. रंग उडणं किंवा बुरशी या पट्टीला कळत नाही.

पट्टी एकदाच वापरायची. तारीख आणि पातळी डब्यावर लिहून ठेवली, तर पुढच्या तपासणीत बिघाड किती सरकला ते कळतं.