८८ हजारांची फुल-सस्पेन्शन सायकल आणि स्टिकरखालची चीर

मार्चमध्ये मी एक सेकंडहँड फुल-सस्पेन्शन माउंटन बाइक ८८,००० रुपयांना घेतली. एप्रिल संपायच्या आत ती कायमची उभी राहिली, कारण सीटट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीच्या, जोडाशी तिची फ्रेम चिरलेली निघाली. मी पैसे दिले त्या दिवशीही ती चीर तिथेच होती. तिच्यावर स्टिकर लावला होता. गेल्या दोन महिन्यांत माझ्या ओळखीतल्या तिघांनी अशाच जाहिराती पाठवून "घेऊ का?" असं विचारलं, म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते आहे.

मी बारा वर्षं हार्डटेल चालवते आहे, म्हणजे पुढे सस्पेन्शन, मागे काही नाही. राहते पुण्यात. रविवारी वेताळ टेकडी, कधी बावधनच्या मागचे डोंगर. टेकडीवरून खाणीच्या बाजूनं उतरताना सुट्या दगडांवर मागचं चाक सारखं आपटतं आणि चाळिशीनंतर ते आपटणं कमरेत जाऊन बसायला लागलं. मागेही सस्पेन्शन असलेली, १२० मिलिमीटरच्या आसपास ट्रॅव्हलची (म्हणजे चाक तेवढं वर-खाली हलू शकेल अशी) सायकल मला हवी होती, आणि ती लाखाच्या आत बसवायची होती. नामांकित कंपन्यांच्या नव्या फुल-सस्पेन्शन सायकली त्याच्या बऱ्याच वर जातात.

दुकानांत वीस-पंचवीस हजारांना 'डबल शॉकअप' म्हणून ज्या मिळतात त्या मी विचारातही घेतल्या नाहीत. त्यांच्या मागे दिसते ती बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते. खऱ्या शॉकमध्ये दोन गोष्टी काम करतात. स्प्रिंग धक्का झेलते, मग ती पोलादाची असो की दाबलेल्या हवेची. आणि डँपरमध्ये बारीक छिद्रांतून ढकललं जाणारं तेल तो धक्का जिरवतं, स्प्रिंगला सावकाश परत येऊ देतं. डँपर नसला की दगडावरून गेल्यावर सायकल मागून उसळी मारते आणि चढावर प्रत्येक पायडलला डुलत राहते. त्यात लोखंडी फ्रेममुळे सायकलचं वजन अठरा-वीस किलो. ज्यांचं बजेट तेवढंच आहे त्यांनी त्या पैशांत साधी, हलकी हार्डटेल घ्यावी. ती टेकडीवर खूप जास्त सुख देते, हे मी अनुभवानं सांगते.

एवढं मला कळत होतं, म्हणून जुनी पण चांगल्या कंपनीची घ्यायचं ठरवलं. जाहिरात तशीच होती: नामांकित कंपनीची अॅल्युमिनियम फ्रेम, मागे एअर शॉक, पुढे एअर फोर्क, २०१९चं मॉडेल, माझ्या मापाची. विकणारा जुन्या महागड्या सायकली घेऊन विकण्याचाच धंदा करतो. छोटं भाड्याचं दुकान, भिंतीला टांगलेल्या सहा-सात सायकली, सगळ्या चकाचक पुसलेल्या. "एका डॉक्टरांची आहे मॅडम, फक्त रविवारी चालवायचे. फ्रेमला लाइफटाइम वॉरंटी आहे." ९५ हजार सांगितले.

मी संध्याकाळी साडेसातला गेले होते, ऑफिसवरून. दुकानात एक ट्यूबलाइट, बाहेर रस्त्यावरचा दिवा. त्यानं सायकल काढून दिली आणि म्हणाला, "शॉक तुमच्या वजनाला सेट करून ठेवलाय." माझं वजन त्यानं विचारलं नव्हतं. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. आपण सीटवर बसलो की ती सरकते आणि शॉक किती दबला ते दाखवते. साधारण पंचवीस ते तीस टक्के दबायला हवा. ती रिंगच नव्हती. "पडली असेल, दहा रुपयांची वस्तू आहे," म्हणाला. डांबरी गल्लीत मी दहा मिनिटं चक्कर मारली. मागचा शॉक जेमतेम हलत होता, आणि मला ते घट्टपण चांगलं वाटलं. आज कळतं की त्यात हवा ठासून भरलेली होती. त्यामुळे सायकल मागून उंच उभी राहत होती आणि आतलं काहीच उघडं पडत नव्हतं.

मी परत येते तोवर त्याला फोन आला. पिंपरीहून कुणीतरी उद्या सकाळी घ्यायला येतंय, असं मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो बोलला. ८८ हजारांवर सौदा ठरला. घरी गेल्यावर रात्री साडेनऊला मी पाच हजार टोकन पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी बाकीचे. पावती मिळाली ती हातानं लिहिलेली: 'सायकल १ नग, जुनी'. मॉडेल नाही, वर्ष नाही, फ्रेमचा नंबर नाही. खाली छापलेली ओळ, 'विकलेल्या मालाची जबाबदारी नाही'. या कागदाचं पुढे किती वाईट वाटणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

पहिल्याच रविवारी चढावर पायडल दगडांना लागायला लागले. त्याच वाटेवर, त्याच दगडांवर माझ्या जुन्या सायकलचे पायडल कधी लागत नव्हते. मला वाटलं, नवीन सायकल आहे, सवय व्हायची आहे. दुसऱ्या आठवड्यात सकाळी उठून पाहिलं तर सायकल मागून बसलेली. रात्री १५० पीएसआय हवा भरली होती, सकाळी ९०. रोज पंप मारायला लागले. मग शॉक दबताना फचफच असा आवाज यायला लागला, म्हणजे हवा तेलात मिसळायला लागली होती. आणि पाचव्या आठवड्यात, पायडलवर जोर दिला की मागून 'कट्' असा एक कोरडा आवाज.

पेठेतल्या एका जुन्या सायकल मिस्त्रींकडे गेले. काकांनी आधी काहीच विचारलं नाही. सीटला धरून सायकल दोन बोटं वर उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "पिव्हटला प्ले आलाय बघ." पिव्हट म्हणजे मागचा सांगाडा फ्रेमवर जिथे फिरतो तो सांधा, प्ले म्हणजे ढिलेपणा. मला हात लावायला लावला. मागचं चाक जमिनीवरून सुटण्याआधी सीट थोडीशी रिकामी हलत होती. बेअरिंगं गेली होती. मग त्यांनी शॉक काढला, व्हर्निअरनं मोजला आणि विचारलं, "कंपनीनं या फ्रेमला कुठलं माप दिलंय?"

हा प्रश्न मला कुणी आधी विचारायला हवा होता. शॉक दोन मापांनी ओळखतात: दोन टोकांच्या बोल्टमधलं अंतर आणि दांडा किती आत जातो ते. कंपनीच्या तपशिलात माझ्या फ्रेमसाठी २०० गुणिले ५१ लिहिलेलं सापडलं. बसवलेला होता १९० गुणिले ५१. दहा मिलिमीटर आखूड. दहा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण मागच्या लिव्हरमुळे शॉकच्या एका मिलिमीटरला चाक जवळजवळ अडीच मिलिमीटर हलतं. म्हणजे चाक मुळातच सव्वादोन-अडीच सेंटीमीटर वर आलेलं, आणि त्यामुळे क्रँक, म्हणजे पायडल ज्याला जोडलेले असतात तो दांडा, दीडेक सेंटीमीटर खाली. पायडल दगडांना का लागत होते ते आता कळलं.

याहून वाईट पुढे होतं. आखूड शॉक पूर्ण दबला की मागचा सांगाडा कंपनीनं ठरवलेल्या हद्दीच्या पुढे जातो. काकांनी शॉक नसताना मागचं चाक हातानं वर ढकललं, आणि लिंकचा, म्हणजे मागचा सांगाडा शॉकला जोडणाऱ्या तुकड्याचा, कोपरा सरळ सीटट्यूबवर जाऊन टेकला. बरोबर तिथे एक पारदर्शक स्टिकर होता, फ्रेमला ओरखडे पडू नयेत म्हणून लावतात तसा. मी तो पाहिला होता आणि आधीच्या मालकानं सायकल जपली असं मनाशी म्हटलं होतं. काकांनी ड्रायरनं गरम करून तो सोलला. खाली रंगाचा वेगळा पट्टा. नखानं खरवडल्यावर लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, निघाली, आणि लांबीखाली वेल्डच्या कडेनं जाणारी, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी चीर.

स्टिकर सहज लागतो, असं एखादा म्हणेल. पण चिरेत लांबी भरून, वर रंग मारून, मग त्यावर स्टिकर कुणाच्या हातून चुकून लागत नाही. तो दुकानदारानंच लावला की आधीच्या मालकानं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण हा धंदा करणाऱ्या माणसानं मूळ शॉकच्या जागी आखूड शॉक बसलेला पाहिलाच नाही, हे मी मानायला तयार नाही.

मी विचारलं, वेल्डिंग करून चालेल का. काकांनी मान हलवली. अशा फ्रेम बहुतेक ६०६१ अॅल्युमिनियमच्या असतात आणि वेल्ड केल्यावर त्यांना ठरावीक तापमानाची भट्टी द्यावी लागते, नाहीतर जोडाच्या आजूबाजूचा धातू नरम राहतो. "मी जोडून दिली तर दिसायला होईल नीट," ते म्हणाले. "पण तू उतारावर असशील तेव्हा मी तिथे नसणार. नाही करणार मी." त्यांनी त्या दिवशीचे पैसेही घेतले नाहीत.

क्रँकखालचा दुकानाचा गोल स्टिकर काढल्यावर फ्रेमचा नंबर दिसला. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यानं तो तपासून सांगितलं की मॉडेल २०१७चं आहे, आणि लाइफटाइम वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला, मूळ बिलावर मिळते. बहुतेक कंपन्यांचं असंच असतं. म्हणजे दुकानात ऐकलेला तो शब्द माझ्यासाठी कधी लागूच नव्हता.

दुकानदाराला फोन केला. "मॅडम, तुम्ही कुठेतरी जोरात उडी मारली असेल." फोटो पाठवले, लांबीचा, मापाचा. मग "जुन्या मालाला गॅरंटी नसते, पावतीवर लिहिलंय." मग फोन उचलणं बंद, नंबर ब्लॉक. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, समेट झाला नाही, मग जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे लक्षात असू द्या. दोष लपवून विकलं असेल तर पावतीवरची ती छापील ओळ म्हणजे दुकानदाराची सुटका नव्हे. माझी अडचण वेगळी आहे: पावतीवर नंबर नसल्यानं ही तीच सायकल आहे हे आता मला जाहिरातीचे फोटो, मेसेज आणि पैशांच्या नोंदी जोडून दाखवावं लागतंय. आणि विकणारा दुकानदार नसून खासगी माणूस असेल तर ग्राहक आयोगाची ही वाटही सहसा उरत नाही.

आता कुणी बोलावलं तर मी सोबत जाते. दिवसाउजेडी जायचं. जाण्याआधी फ्रेमच्या मॉडेलवरून शॉकचं मूळ माप शोधून ठेवायचं आणि बसवलेल्या शॉकवर छापलेलं माप त्याच्याशी ताडायचं. छापलेलं पुसलं असेल तर बोल्ट ते बोल्ट टेप लावायची. मग मालकाला विचारून शॉकची हवा पूर्ण सोडायची आणि सीटवर हळूहळू भार देत सायकल खालपर्यंत बसवायची. टायर किंवा लिंक फ्रेमला कुठे लागते का, ते याच एका गोष्टीत दिसतं. पुन्हा हवा भरून तासभर तिथेच थांबायचं आणि आकडा बघायचा. जोडांवरचे सगळे स्टिकर काढायला सांगायचे. फ्रेमचा नंबर मूळ बिलाशी जुळवायचा आणि आपल्या पावतीवर लिहून घ्यायचा. शॉकची शेवटची सर्व्हिस कधी झाली तेही विचारायचं. काही कंपन्या दर ५० तासांना एअर कॅनची, म्हणजे शॉकच्या हवेच्या नळकांड्याची, सर्व्हिस सांगतात, म्हणजे आठवड्याला चार तास चालवणाऱ्याला तीन महिन्यांत एकदा. हा खर्चही बजेटमध्ये धरायला हवा.

जूनमध्ये कॉलेजातल्या एका मुलासोबत गेले होते. दोन वर्षं साठवलेले सत्तर हजार होते त्याच्याकडे. विकणाऱ्यानं हवा सोडायला साफ नकार दिला, "शॉक खराब होतो" म्हणाला. होत नाही. आम्ही निघालो. पौड रोडला लागेपर्यंत तो मुलगा एक शब्द बोलला नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण ती सायकल त्याला मनापासून आवडली होती.

परवा त्याचा फोन आला. "ताई, दुसरी एक मिळालीय. मालकाकडे मूळ बिल आहे, आणि हवा सोडा म्हणालेत." रविवारी सकाळी आठला जायचं ठरलंय. शॉकचा पंप आणि टेप मी आत्ताच बॅगेत टाकलीत.