दोन आयओपीए (दाताच्या मुळासकट घेतलेले छोटे एक्स-रे) जुळवताना : बिंदू हाताने लावावेत की काम संगणकावर सोपवावे?

काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन आयओपीएंची वजाबाकी करून, म्हणजे एका प्रतिमेतून दुसरी वजा करून, हाडाची झीज पाहायची, तर आधी त्या एकमेकींवर नेमक्या बसवाव्या लागतात. दादरच्या माझ्या दवाखान्यात मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत : दोन्ही प्रतिमांतील त्याच खुणांवर हाताने बिंदू लावणे आणि संगणकाची स्वयंचलित जुळवणी. इमेजजे या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधील टर्बोरेग या जोड-प्रोग्राममध्ये दोन्हींची सोय असल्याने त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअरही लागत नाही.

स्वयंचलित जुळवणी झटपट होते आणि त्याच जोडीला दरवेळी तेच उत्तर देते. तोंडात ठेवायचा सेन्सर व तो धरणारा होल्डर तोच असेल आणि तोंडात मधल्या काळात काही बदलले नसेल, तर तिच्याविषयी माझी तक्रार नाही. अडचण येते ती कॅप बसल्यावर. ही पद्धत दोन प्रतिमांच्या करड्या छटांमधील फरकांचे वर्ग (स्क्वेअर) कमीत कमी करू पाहते, त्यामुळे रूट कॅनाल होऊन धातूची नवी कॅप बसलेल्या दातात सर्वांत मोठा फरक त्या कॅपचाच असतो आणि तो कमी करण्याच्या नादात सारी प्रतिमा किंचित सरकते. मग मुळाच्या एका कडेला काळी आणि दुसऱ्या कडेला पांढरी बारीक रेघ उमटते. घाईत पाहणाऱ्याला तीच झीज वाटावी. प्रतिमेतली कॅप झाकून, म्हणजे हिशेबातून वगळून, जुळवणी करता येते, हे खरे. पण झाकायचा भाग हातानेच आखायचा असेल, तर स्वयंचलितपणाचा फायदा तो काय उरला?

बिंदू लावणे कंटाळवाणे आहे आणि दोन माणसांचे बिंदू तंतोतंत सारखे पडत नाहीत. तरीही इनॅमल संपते ती जागा, शेजारच्या दातातील जुन्या फिलिंगचा कोपरा, इम्प्लांटचे आटे अशा न बदललेल्या खुणा मला निवडता येतात आणि जुळवणी बिघडली तर कोणता बिंदू संशयास्पद आहे, हे डोळ्यांना दिसते. अफाइन रूपांतराला (प्रतिमा सरकवणे, फिरवणे, ताणणे, तिरकी करणे) तीन बिंदू पुरतात. सेन्सर कललेला असेल तर चार बिंदूंचे प्रक्षेपीय रूपांतर (कलामुळे आलेली विकृतीही सुधारणारे) अधिक योग्य.

मात्र दाताच्या संदर्भात एक्स-रे ट्यूबचाच कोन बदलला असेल, तर दोन्ही पद्धती हात टेकतात, कारण वेगवेगळ्या खोलीवरची मुळे आणि हाड तेव्हा एकमेकांच्या तुलनेत सरकलेली असतात. म्हणून विरार-डोंबिवलीहून येणारे रुग्ण दुसरीकडची जुनी प्रतिमा फोनवर दाखवतात, तेव्हा मी वजाबाकी करतच नाही.

एकाच होल्डरवर घेतलेल्या जोड्यांचा मोठा साठा अभ्यासायचा असल्यास स्वयंचलित मार्ग कदाचित सोयीचा ठरेल. समोर बसलेल्या एका रुग्णासाठी मात्र मी बिंदूच लावतो.